माहीमच्या समुद्रासमोरची दोन शयनकक्षांची सदनिका: खिडकीची किंमत आणि स्लॅबमधली सळई

माहीमच्या चौपाटीला लागून, वीर सावरकर मार्गाच्या पश्चिमेला, सात मजल्यांच्या एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावरची दोन शयनकक्षांची सदनिका सध्या विक्रीला आहे. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मी आणि माझी पत्नी ती चार वेळा पाहून आलो आणि त्यांपैकी एका भेटीत ओळखीच्या एका संरचना अभियंत्याला सोबत नेले. मागितलेली किंमत तीन कोटी चाळीस लाख रुपये आहे. पत्नीचे बालपण माटुंगा रोड स्थानकाजवळच्या चाळीत गेले असल्याने या किनाऱ्याची तिला ओढ आहे, आणि डोंबिवलीहून रोज दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या मलाही इथे राहायला येण्याचे फार दिवसांपासून मनात आहे. ओढ असली म्हणजे माणूस घराकडे नीट पाहत नाही, म्हणून प्रत्येक भेटीनंतर मी टिपणे काढत गेलो. समुद्रकाठी जुनी सदनिका पाहणाऱ्या इतरांना ती उपयोगी पडावीत, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे. इमारतीचे आणि मालकांचे नाव देत नाही, कारण व्यवहार अजून पूर्ण झालेला नाही आणि मालकांनी आमच्याशी अतिशय सरळपणे व्यवहार केला आहे.

सुरुवात खिडकीपासूनच करायला हवी, कारण किंमत तिचीच मागितली जात आहे. दिवाणखाना थेट पश्चिमेकडे उघडतो. समोर माहीमचा उपसागर, डाव्या हाताला वरळीचा किल्ला आणि कोळीवाडा, उजव्या हाताला वांद्र्याचे टोक, आणि या दोन टोकांना जोडणारा, ३० जून २००९ रोजी वाहतुकीला खुला झालेला सागरी सेतू, असे दृश्य त्या एकाच खिडकीतून दिसते. मालक सांगत होते की डिसेंबरात सूर्य वरळीच्या टोकापाशी बुडतो आणि मे महिन्यापर्यंत सरकत सरकत वांद्र्याच्या टोकाकडे जातो, म्हणजे वर्षभराचा मावळतीचा प्रवास या चौकटीतच होतो. नकाशावर दिशा मोजून पाहिल्या तेव्हा त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. खाली वाळूवर कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि सकाळी जाळी सांधणारी माणसे बसलेली दिसतात. हे दृश्य पुढेही टिकेल का, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार शहरातला हा पट्टा दुसऱ्या वर्गात मोडतो, आणि या वर्गात नवे बांधकाम अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडील बाजूलाच करता येते. या इमारतीच्या पुढे समुद्राकडे फक्त संरक्षक भिंत आणि वाळू असल्याने दृश्य अडण्याची भीती मला वाटत नाही. शहरात इतरत्र समुद्रदर्शनासाठी जादा पैसे मोजलेल्या अनेकांना पाच वर्षांत समोरच्या नव्या मनोऱ्याची पाठ पाहावी लागली आहे, त्या मानाने ही खिडकी खरोखरच मोलाची आहे.

मात्र पश्चिमेची खिडकी उन्हाचीही असते. पहिल्यांदा आम्ही एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी साडेतीन वाजता गेलो, तेव्हा दिवाणखान्याची अर्धी फरशी उन्हाने तापलेली होती आणि जाड पडदे ओढल्याशिवाय तिथे बसणे अवघड होते. पाचनंतर वारा सुटला आणि तीच खोली पंख्याशिवाय सुखाची झाली. मोठे शयनगृहही पश्चिमेलाच आहे, लहान शयनगृह आणि स्वयंपाकघर पूर्वेला रस्त्याच्या बाजूला आहेत. त्यामुळे समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की घरभर वारा खेळतो, पण सावरकर मार्गावरच्या वाहनांचा आवाजही पूर्वेच्या खोल्यांत सतत येत राहतो. अभ्यास करणाऱ्या मुलाला ती खोली द्यायची असेल तर दुहेरी काचेच्या खिडकीचा खर्च धरावा लागेल.

क्षेत्रफळाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. दलालाने चटई क्षेत्र ६४० चौरस फूट असल्याचे सांगितले होते. आम्ही टेप घेऊन खोली-खोली मोजली तेव्हा दिवाणखाना सोळा बाय अकरा, मोठे शयनगृह बारा बाय अकरा, लहान शयनगृह दहा बाय दहा, स्वयंपाकघर नऊ बाय आठ, आणि न्हाणीघर, दोन शौचालये, बोळ हे सारे धरून एकूण ५९५ चौरस फूट भरले. उरलेले ४५ चौरस फूट म्हणजे काचा लावून दिवाणखान्यात सामावून घेतलेला सज्जा आहे. स्थावर संपदा कायद्यातल्या (रेरा) व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती आणि सज्जा धरला जात नाही. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीच्या व्यवहाराला त्या कायद्याखालची नोंदणी लागत नसली, तरी मोजमापाची ती कसोटी वापरायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. ६४० फुटांनी भागले तर दर चौरस फुटाला सुमारे ५३,१०० रुपये पडतो, ५९५ने भागले तर ५७,१०० रुपयांच्या पुढे जातो. सज्जा बंद करण्याला महापालिकेची परवानगी घेतली होती का, हे मंजूर नकाशावरूनच कळेल. मालकांकडे तो नकाशा नव्हता, सोसायटीच्या कपाटात एक जीर्ण प्रत निघाली आणि तिच्यात सज्जा उघडाच दाखवलेला आहे. या मुद्द्यावर मी किंमत कमी करून मागितली आणि मालकांनीही तो मुद्दा मान्य केला.

घराच्या आतली कामे चांगल्या दर्जाची आहेत आणि त्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, त्याची उंची योग्य आहे, माळे भरपूर आहेत, आणि विजेची सारी जोडणी नऊ वर्षांपूर्वी नव्याने केलेली आहे. न्हाणीघराची फरशी मात्र बदलावी लागेल, कारण चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाने आपल्या छतावरची ओल आम्हाला दाखवली आणि ती याच घरातून उतरते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असते, आणि ते मीठ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपत जाते. ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार झालेला असतो. मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की तो थर मोडतो आणि सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो. आधी तुळईच्या लांबीला समांतर केसाएवढी चीर पडते, मग पापुद्रा सुटतो, आणि शेवटी स्लॅबचा तुकडा खाली येतो. आज लागू असलेले भारतीय मानक, आयएस ४५६ची २००० सालची आवृत्ती, किनारी हवेतल्या बांधकामासाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट (आकडा जितका मोठा तितके ते मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन मागते. ही इमारत १९७६ची आहे. त्या काळी साध्या इमारतींना एम १५ प्रतीचे काँक्रीट सर्रास वापरले जाई आणि सळईवरचे आच्छादनही कमी ठेवले जाई. शिवाय तेव्हा प्रचारात असलेली पीळ दिलेली टॉर सळई गंजाला लवकर बळी पडते, असा अभियंत्यांचा अनुभव आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या अशा प्रत्येक इमारतीत गंज कुठे ना कुठे असणारच, असे धरूनच पाहायला जावे. तो किती आत गेला आहे आणि सोसायटीने त्यावर वेळेत काय केले, एवढेच शोधायचे उरते.

दुसऱ्या भेटीत अभियंता सोबत होते. त्यांनी प्रथम सदनिकेत न शिरता जिन्याने तळमजल्यावरच्या वाहनतळापासून गच्चीपर्यंत चढत नेले. जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू, लिफ्टच्या खोलीचे छत, पाण्याच्या टाकीचा तळ आणि वाहनतळातले खांब या चार ठिकाणी रंगरंगोटी करून दोष झाकण्याचा प्रयत्न सहसा कोणी करत नाही, म्हणून इमारतीची खरी प्रकृती तिथेच दिसते, असे त्यांनी सांगितले, आणि माझ्या मते जुने घर पाहणाऱ्या प्रत्येकाने ही रीत पाळावी. वाहनतळातल्या पश्चिमेकडच्या तीन खांबांवर उभ्या चिरा होत्या. त्यांतल्या एकावर हातोडीने टकटक केले तेव्हा पोकळ आवाज आला. टाकीच्या तळाला सळई उघडी पडलेली दिसली. पूर्वेकडचे खांब मात्र ठणठणीत निघाले. सदनिकेच्या आत पश्चिमेच्या खिडकीवरच्या तुळईला एक बारीक आडवी चीर आहे आणि सज्ज्याच्या स्लॅबच्या खालच्या बाजूला पूर्वी दुरुस्ती झाल्याच्या खुणा आहेत. दिवाणखान्याचे आणि दोन्ही शयनगृहांचे छत टकटक करून पाहिले, तिथे आवाज भरीव आला. दिवाणखान्याला खोटे छत लावलेले नाही, याचे अभियंत्यांनी विशेष कौतुक केले. जुन्या घरात जिप्समचे नवे छत दिसले तर त्याच्या वर काय आहे हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते.

मालक स्वतः बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. मुलीजवळ राहण्यासाठी ते दोघे पुण्याला जाणार आहेत. निघताना ते पत्नीला म्हणाले, "ताई, घाई करू नका. एकदा पावसाळ्यात मोठ्या भरतीला येऊन बघा आणि मगच ठरवा." विकणाऱ्या माणसाने असे सांगावे, याचे आम्हाला मनापासून अप्रूप वाटले आणि जुलैच्या अखेरीस, भरती साडेचार मीटरहून मोठी असलेल्या दिवशी, आम्ही भर पावसात पुन्हा गेलो.

त्या दिवशीचा समुद्र एप्रिलमधल्या समुद्राशी काही नाते सांगत नव्हता. लाटा संरक्षक भिंतीवर आपटून उडत होत्या आणि त्यांचे तुषार वाऱ्याबरोबर पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचत होते. पाचव्या मजल्यावर तुषार येत नव्हते, पण पाऊस आडवा येत होता. दिवाणखान्याच्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी साचून आत झिरपत होते आणि मालकीणबाईंनी तिथे जुने टॉवेल अंथरून ठेवले होते. पश्चिमेची भिंत हाताला दमट लागत होती, तरी तिला बुरशी नव्हती. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग नऊ वर्षांत दोनदा बदलावा लागला, कारण त्याच्या तांब्याच्या नळ्या आणि पंखांच्या पट्ट्या खाऱ्या हवेने खाल्ल्या, हे मालकांनी न विचारता सांगितले. खिडकीची जाळी, दरवाज्याच्या बिजागऱ्या, नळ, शेगडी, दुचाकीची साखळी, साऱ्यांचे आयुष्य इथे कमी होते, आणि हा खर्च कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. आमच्या अंदाजाने खिडक्या यूपीव्हीसीच्या करणे, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून जलरोधक लेप देणे आणि ग्रिल चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची करणे, एवढी कामे पहिल्या वर्षीच करावी लागतील.

तळमजल्यावर पाणी शिरलेले नव्हते. रस्ता किनाऱ्यापेक्षा उंच आहे आणि २६ जुलै २००५च्या प्रलयातही वाहनतळात घोट्याएवढेच पाणी आल्याचे जुने रहिवासी सांगतात. भरती ओसरल्यावर मात्र वाळूवर प्लास्टिकचा जो थर उरला तो पाहून मन विषण्ण झाले. विहार तलावापासून निघालेली मिठी नदी याच उपसागराला माहीमच्या खाडीतून मिळते आणि शहराने तिच्यात टाकलेले सारे काही पावसाळ्यात परत याच किनाऱ्यावर येऊन पडते. महापालिकेचे कामगार आणि स्वयंसेवक किनारा स्वच्छ करतात, पुढच्या मोठ्या भरतीला तो पुन्हा भरतो. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी खाडीकडून येणारा दर्प पाचव्या मजल्यावरही जाणवतो. समुद्रासमोरच्या घराची जाहिरात वाचताना ही बाजू कोणी सांगत नाही, पण इथे राहणाऱ्याला तिच्यासह राहावे लागेल.

कागदपत्रांच्या बाबतीत सोसायटीच्या सचिवांनी मोठे सहकार्य केले. एकूण २८ सदनिका आहेत. महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीला नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे अशा इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. या सोसायटीने २०२२मध्ये ती करून घेतली होती आणि अहवालात इमारत सी-२बी वर्गात, म्हणजे रहिवाशांना बाहेर न काढता मोठी दुरुस्ती आवश्यक अशा वर्गात टाकलेली आहे. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, हे ध्यानात घेतले तर अवस्था मधली आहे. दुरुस्तीचा अंदाज एक कोटी चाळीस लाखांचा आहे, दुरुस्ती निधीत बावीस लाख शिल्लक आहेत, म्हणजे प्रत्येक सदनिकेवर सव्वाचार लाखांच्या आसपास बोजा येतो. तीन वर्षे झाली तरी काम सुरू झालेले नाही, कारण वर्गणीवर एकमत होत नाही. ज्यांना पुनर्विकास हवा आहे ते दुरुस्तीवर पैसे घालायला तयार नाहीत, आणि ज्यांचे वय झाले आहे त्यांना तीन-चार वर्षे भाड्याच्या घरात काढायची नाहीत. दोघांचीही बाजू मला समजते. तथापि गंज कोणाच्या एकमताची वाट पाहत नाही. मी विनंती केल्यावर सचिवांनी आमच्या खर्चाने सदनिकेपुरती अर्धघट विभव चाचणी करायला परवानगी दिली. या चाचणीत स्लॅबवर ठिकठिकाणी विद्युत विभव मोजतात. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली गेले तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त मानली जाते. आमच्या वाचनांपैकी सज्ज्याची आणि पश्चिमेच्या तुळईची वाचने त्या मर्यादेच्या पलीकडे गेली, बाकी घराची बरीच अलीकडे राहिली. अर्थात दोष मर्यादित आहे, ठिकाण माहीत आहे, आणि सळई साफ करून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

जमिनीचा प्रश्न मला दुरुस्तीहूनही गंभीर वाटतो. मालमत्ता पत्रक काढून पाहिले तेव्हा भूखंडावर अजूनही मूळ विकासकाच्या भागीदारी संस्थेचे नाव असल्याचे आढळले. १९६३च्या मालकी सदनिका कायद्यानुसार विकासकाने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. या विकासकाने ती करून दिली नाही, आणि संस्थेतले भागीदार आता हयातही नाहीत. अशा सोसायट्यांसाठी २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली, ज्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून विकासकाच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेता येते. इतकी वर्षे ही सोय असताना सोसायटीने अर्ज केलेला नाही, ही गोष्ट मनाला लागते. समुद्रकाठच्या जुन्या इमारतीत घर घेणारा माणूस शेवटी जमिनीतला हिस्साच घेत असतो, कारण सिमेंटचे आयुष्य ठरलेले आहे. पुनर्विकास करायचा तर विकास नियंत्रण नियमावली २०३४मधल्या ३३(७)(ब) या तरतुदीखाली तीस वर्षांहून जुन्या सोसायट्यांना जादा चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडावर अधिक बांधकाम करण्याची मुभा, मिळते, आणि २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेने या पट्ट्यातल्या निर्देशांकावरचे १९९१पासूनचे गोठवलेपणही काढले आहे. पण जमीन नावावर नसताना त्याचा लाभ घेणे कठीण होऊन बसते, आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. ही इमारत ३० सप्टेंबर १९६९ नंतरची असल्याने ती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी, नाही, म्हणून म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा आधारही तिला नाही. "लवकरच पुनर्विकास होणार, तुम्हाला तीन शयनकक्षांचे घर मिळणार" असे दलाल सांगत होता. या बोलण्याची किंमत मी शून्य धरली आहे.

बाकी कागद व्यवस्थित आहेत. १९७६पासूनची सर्व करारपत्रे साखळीने उपलब्ध आहेत, भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) मालकांच्या नावावर आहे, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आहे, आणि कोणतेही कर्ज शिल्लक नाही. सोसायटीच्या एका सदस्याने हस्तांतरणासाठी "स्वेच्छा देणगी" म्हणून दोन लाखांचा उल्लेख केला होता. ९ ऑगस्ट २००१च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही आणि देणगीच्या नावानेही ते वसूल करता येत नाही, हे मी नम्रपणे सांगितले. सचिवांनी लगेच तो विषय मागे घेतला. मासिक देखभाल खर्च ७,८०० रुपये आहे. मोटार उभी करण्याची जागा या सदनिकेबरोबर नाही, आणि रस्त्यावर ती मिळणेही दुरापास्त आहे.

परिसराबद्दल पत्नी माझ्याहून अधिक अधिकाराने बोलू शकते. गोपी टँक आणि सिटीलाइटच्या बाजारात ताजी मासळी आणि भाजी पायी जाऊन आणता येते, शिवाजी पार्क पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे, आणि हिंदुजा रुग्णालय याच रस्त्यावर आहे. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल भुयारी मेट्रोचा आहे. शीतलादेवी स्थानक चालत आठ-दहा मिनिटांवर आहे. मे २०२५मध्ये ही मार्गिका वरळीपर्यंत आली आणि त्यामुळे माझे वांद्रे-कुर्ला संकुलातले कार्यालय इथून दुसऱ्याच स्थानकावर येते. जे अंतर आज मला दोन तासांचे पडते, ते अर्ध्या तासात पार होईल. माहीमच्या गर्दीचे दिवसही ठरलेले आहेत. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेना या प्रार्थनेला, डिसेंबरात मखदूम शाह बाबांच्या उरुसाला आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीला लोटणाऱ्या जनसागरामुळे या पट्ट्यातली वाहतूक मंदावते. आम्ही तिसऱ्यांदा मुद्दाम बुधवारी संध्याकाळी गेलो होतो आणि कॉजवेकडून येणारी टॅक्सी वाटेत सोडून चालत पोहोचलो. या दिवसांबद्दल तक्रार करावीशी मला वाटत नाही. चर्च, दर्गा, शीतलादेवीचे देऊळ आणि कोळीवाडा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असलेली ही वस्ती आहे, आणि पत्नीला परत यायचे आहे ते याच वस्तीत.

आता हिशेब. तीन कोटी चाळीस लाखांतून आम्ही चार गोष्टी वजा केल्या: सज्ज्याचे क्षेत्र पूर्ण दराने न धरणे, इमारतीच्या दुरुस्तीतला सव्वाचार लाखांचा वाटा, सदनिकेतल्या तुळईची, न्हाणीघराची आणि खिडक्यांची कामे, आणि जमीन नावावर नसल्याची जोखीम. यातली शेवटची गोष्ट नेमक्या रुपयांत मांडता येत नाही, पण तिला शून्य धरणे मला चुकीचे वाटते. आमचा प्रस्ताव तीन कोटी पाच लाखांचा आहे. मुंबईत पुरुषाच्या किंवा संयुक्त नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्क सहा टक्के, केवळ महिलेच्या नावाने घेतल्यास पाच टक्के लागते. शीघ्र गणकातले (शासनाने ठरवलेल्या दरांच्या तक्त्यातले, म्हणजे रेडी रेकनरमधले) मूल्य करारातल्या रकमेहून कमी असेल, तर या किमतीवर तीन लाख पाच हजार रुपये वाचतात. म्हणून सदनिका पत्नीच्या नावावरच घेण्याचे ठरवले आहे, आणि ज्या वस्तीत ती वाढली तिथले घर तिच्या नावावर असावे, हे मला योग्यही वाटते. नोंदणी शुल्क तीस हजारांहून वर जात नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या जुन्या घराला वस्तू व सेवा कर नाही. पन्नास लाखांवरच्या व्यवहारात खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून भरायचा असतो, तो विसरल्यास दंड आपल्याला बसतो. दलालाने दोन टक्के मागितले होते, एका टक्क्यावर ठरले.

मालकांनी आमचा आकडा नाकारलेला नाही. सहकारी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि या वर्षीच्या विषयपत्रिकेवर दुरुस्तीची वर्गणी हा विषय आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा, अशी विनंती आम्ही मालकांमार्फत केली आणि सचिवांनी तो विषय लेखी स्वीकारला आहे. दोन्ही ठराव मंजूर झाले तर आम्ही आणखी पाच लाख वाढवायला तयार आहोत, असे मालकांना कळवले आहे. वर्गणी नामंजूर होऊन पश्चिमेचे तीन खांब आणखी एक पावसाळा तसेच राहणार असतील, तर आम्ही टोकन देणार नाही.